आक्काला वाचकांतून वगळणार नाही

आईचा फोन आला तेव्हा मी बेळगावच्या वसतिगृहात प्रकल्पाचं प्रकरण सुधारत बसले होते. "आक्का गेली गं..." एवढंच ती म्हणाली. माझ्यासमोर 'वृत्तपत्राचे वाचक' हा तक्ता उघडा होता आणि त्यातल्या आक्काच्या नावाला सरांनी लाल खूण केली होती. ऐकणाऱ्याला वाचक म्हणता येत नाही, नाव काढा, नाहीतर गुण जातील, असं त्यांचं म्हणणं. आता महिना होऊन गेला. असं काही मी पहिल्यांदाच लिहितेय, नीट जमेल का ठाऊक नाही.

आक्का म्हणजे आईची थोरली बहीण. निपाणीत आमच्या गल्लीतल्या बायका तिच्या घराच्या पुढच्या सोप्यात विड्या वळायला बसत. मला अक्षरं जोडता यायला लागली तशी तिने मला पेपर घेऊन मधोमध बसवलं. वाचणारीचे हात रिकामे राहतात, म्हणून प्रत्येकीने आपल्या वळलेल्यातल्या थोड्या विड्या वाचणारीच्या सुपात टाकायच्या, असा तिथला रिवाज. माझ्या सुपातल्या विड्या आईच्या हिशेबात जायच्या. मी भराभर वाचायला लागले की आक्का हात न थांबवता म्हणायची, "थांब. परत वाच." मग त्या बातमीवर भांडण जुंपायचं. एकदा गल्लीत दिवसाआड पाणी सोडणार असं छापून आलं, आणि नळ मात्र कोरडाच. आक्काने ते पान घडी करून कमरेला खोचलं आणि थेट नगरपालिकेत गेली. कारकून म्हणाला, पेपरवाल्यांना विचारा. "छापलंय त्येंनी, पर नाव तुमच्या हापिसाचं हाय न्हवं?" असं म्हणून ती तिथंच बाकावर बसून राहिली. पाणी आलं.

सरांचं म्हणणं मी तिला सुट्टीत सांगितलं होतं, जरा भीतभीतच. ती खो खो हसली. "मी वाचक न्हवं? मग काय गवंडी हाय व्हय? सांग तुज्या सरास्नी, वाचणारी एकटी, भांडणाऱ्या आमी समद्या. पेपर कुणाचा झाला?" मला तेव्हा उत्तर सुचलं नाही...

आता सुचलंय. पेपर डोळ्यांखालून घालणारी माणसं मी खूप पाहिली. त्यातल्या शब्दाचा जाब विचारायला ऑफिसात गेलेली एकच. मी तिचं नाव खोडलं नाही. प्रकल्प तसाच दिला. गुण गेले. जाऊ देत. पुन्हा विचारलं तरी मी हेच लिहीन.

गेल्या रविवारी घरी गेले होते. सोप्यात आक्काची जागा कुणी घेतली नव्हती, तिचं सूप मात्र भिंतीवरून काढून मधे, वाचणारीच्या जागी ठेवलं होतं. म्हटलं, छापायला पाठवण्याआधी हे लिहिलेलं या बायकांना वाचून दाखवावं. नगरपालिकेच्या ओळींपर्यंत आले आणि पुढचं भराभर उरकायला लागले. कोपऱ्यातून माझी आई, एरवी कधी न बोलणारी, हात न थांबवता म्हणाली,

"थांब. परत वाच."