सुनंदाची न वाजलेली शिट्टी

आर्या, निनाद, परवा फोनवर तुम्ही दोघं तुमच्या रेफरीवर चिडला होता. फाउल दिसूनही त्याने खेळ चालू ठेवला, म्हणून तो आंधळा, असं तुमचं म्हणणं. आंधळा नसेल. फाउल दिसूनही शिट्टी न वाजवण्याचा एक नियम असतो; तो मला बीड जिल्ह्यातल्या एका दुष्काळात कळला. तुमचा राग ताजा आहे तोवर लिहिते.

माझी भाची सुनंदा बीडच्या शाळेत खेळ शिकवायची आणि फुटबॉलची रेफरीही होती. तिला एका सहकारी साखर कारखान्याने सामन्याला बोलावलं होतं. ऊस नसल्याने कारखाना बंद होता. संचालक मंडळ मात्र जोरात चालू होतं. कारखान्याचा एक टँकर गावाला रोज एक खेप पाणी देणार होता. ती आधी वरच्या वस्तीला द्यायची की खालच्या? मागून मिळणाऱ्याच्या वाट्याला गाळच. निवडणूक तोंडावर, त्यामुळे कुणालाच दुखवायचं नव्हतं. शेवटी ठराव झाला: दोन्ही वस्त्यांनी फुटबॉल खेळावा, जिंकेल तिथे टँकर आधी. एकमताने मंजूर.

मीही सुनंदाबरोबर निघाले. गेवराई सोडल्यावर, चकलांब्याच्या अलीकडे एसटीचं इंजिन तापलं. कंडक्टर रिकामी बाटली घेऊन सीटसीटवर फिरला.

"एकेक घोट द्या की हो, तुमचीच गाडी हाय."

एका आजोबांनी तांब्या मांडीखाली सरकवला. "गाडीला तहान लागली तर म्या काय करू?"

बसच्या सावलीत उभ्या उभ्या मी सुनंदाला विचारलं, "शिट्टी वाजवायची की नाही, हे ठरवतेस कशावरून?"

"फाउल तर दिसतोच, मावशी. मग बघायचं, ज्याच्यावर झाला त्याला शिट्टीने जास्त मिळेल की खेळ चालू ठेवून. चेंडू कुणाकडे, गोल किती लांब, समोर किती जण. डोकी तापली असतील तर वाजवलेली बरी. दोन-तीन सेकंद थांबते. फायदा निघालाच नाही, तर फाउल देते."

"आणि फायदा मिळूनही त्याने घालवला तर?"

"मग तो त्याचा प्रश्न. दोन्ही मिळत नाही."

गावाचं नाव लिहीत नाही. कारखान्याच्या चेअरमनची नातवंडं अजून निवडणुका लढवतात. जेवण चेअरमनकडेच होतं: बाजरीची भाकरी आणि येसराची (भाजलेल्या धान्यांच्या मसालेदार पिठाची) आमटी. आमटी उत्तम. हात धुवायला भरलेली बादली होती. चेअरमनचा बोअर दुष्काळ पाळत नव्हता.

मैदान म्हणजे कोरडा पडलेला पाझर तलाव. एका काठावर मंडपात संचालक, दुसऱ्या काठावर उन्हात घागरी घेऊन बायका. खालच्या वस्तीने एक गोल केला आणि तो शेवटपर्यंत राखत आणला. अखेरच्या मिनिटांत चेंडू वरच्या वस्तीच्या एका खेळाडूला, म्हणजे चेअरमनच्या पुतण्याला मिळाला. मागून कुणीतरी त्याचा शर्ट ओढला. तो धडपडला, सावरला, पुढे निघाला. सुनंदाने दोन्ही हात पुढे पसरले आणि ओरडली, "चालू!"

समोर फक्त गोलकीपर. पुतण्याने आधी मंडपाकडे पाहिलं, मग चेंडू थेट बाभळीत मारला.

चेअरमन मैदानात उतरले. "बाई, शिट्टी कावून (का) न्हाई वाजली? पोराला वढलं, समद्यांनी बघितलं."

"मीही बघितलं. गोल मोकळा होता, म्हणून फायदा दिला."

"हुकला न्हवं? मंग आता द्या फाउल."

"फायदा घेऊन झाला, चेअरमनसाहेब."

ते खरोखर गोंधळले. आयुष्यभर त्यांना दोन्ही मिळत आलं होतं: आधी कालव्याचं पाणी, मग दुष्काळग्रस्त म्हणून मदत.

खालच्या वस्तीची कौसाबाई काठावरून ओरडली, "ओ चेअरमन, पोरापुढं गोल उघडा ठिवला, आता काय पाय धरून मारून द्यावा का?"

मंडपातलेही हसले. सुनंदाने थोड्याच वेळात सामना संपवला. चेअरमननी जाहीर केलं, की निकालावर मंडळ फेरविचार करील. तोवर कौसाबाई टँकरच्या केबिनमध्ये चढून बसली होती.

"चल बाबा, खाली घे."

ड्रायव्हरने चेअरमनकडे पाहिलं. "सायेब, ठराव तुमचाच हाय," म्हणाला आणि गाडी सुरू केली. मागे घागरींची रांग पळत सुटली.

आम्ही संध्याकाळच्या बसने परतलो. सुनंदाला त्या कारखान्याने पुन्हा बोलावलं नाही. तिला त्याचं काही वाटलं नाही. मला मात्र वाटलं, की दोन्ही मिळत नाही, हे त्या माणसाला पहिल्यांदा सांगायला शिट्टीवाली बाई बीडहून यावी लागली.

कारखाना पुढे मोडीत निघाला. पाणीटंचाईत त्या गावाला अजून टँकर लागतो, आणि तो आधी खालच्या वस्तीला जातो.