सेरुवायाचं तुलोऊ

विमान चालवायला लागण्याआधी सेरुवाया माणसं तोलायची. बेटांवर जाणाऱ्या छोट्या विमानांत चढण्याआधी प्रवाशाला सामानासकट वजनकाट्यावर उभं राहावं लागतं, आणि नांदीच्या विमानतळावर त्या काट्यापाशी ती असायची. आकडा कधी मोठ्यानं वाचायची नाही. त्यामुळे शेजारची रांग मोकळी असली तरी लग्नाला निघालेल्या भारदस्त बायका तिच्याच रांगेत उभ्या राहायच्या. सामानाला चिठ्ठी लावताना कुणाच्या खांद्यावरून हात न्यावा लागला, की ती आधी म्हणायची, "तुलोऊ."

तसं तुलोऊ, म्हणजे 'माफ असावी', आमच्याकडे सगळेच म्हणतात. बसलेल्या माणसाच्या पुढून जायचं, त्याच्या डोक्यावरून हात न्यायचा, म्हणजे ते आलंच. पण सेरुवायाला मी दारात झोपलेल्या कुत्र्यालाही तुलोऊ म्हणताना ऐकलंय, आणि कुत्र्यानं शेपटी हलवून परवानगी दिल्यावरच ती पुढे गेली.

तावुआच्या शाळेत ती माझ्या पुढच्या वर्गात होती, म्हणून मला अजून बारक्या म्हणते. माझं वजन तिनं स्वतः केलेलं असूनही म्हणते. तिचे वडील खाणीत कामाला, घरात भावंडं भरपूर. काट्यापाशी उभं राहूनच तिनं अभ्यास केला, आधी लहान विमानाचा परवाना काढला, मग मोठ्याचा, आणि एक दिवस त्याच प्रवाशांना घेऊन कॉकपिटातल्या उजव्या, म्हणजे सहवैमानिकाच्या खुर्चीत बसली. सगळ्या बायकांची वजनं हिला पाठ आहेत, तेव्हा विमान उचलेल की नाही हे हिला आधीच कळतं, असं तिच्या गावात बोलतात.

ती खुर्ची राहते की जाते, असा प्रसंग तिच्यावर आला तो सिम्युलेटरमध्ये. वैमानिकांना जमिनीवरच संकटं दाखवणारी ही खोली सांभाळण्याचं काम माझं. आतून हुबेहूब कॉकपिट, बाहेरून खांबांवर उभा केलेला पांढरा डबा. संकटं निवडायचं काम मात्र कॅप्टन धर्मेन गौंडर यांचं. ते आमचे परीक्षक. आवाज मऊ, दाढी रोज केलेली. कुणाचं इंजिन बंद पाडायचं असलं की आधी गोळी चघळायला देतात.

त्या खेपेचं संकट होतं खोटा वेग. विमानाच्या नाकापाशी बारीक नळ्या असतात; त्यांत शिरणाऱ्या हवेच्या दाबावरून वेग कळतो. आमच्या हवेत विमान दोन दिवस नुसतं उभं राहिलं, तर कुंभारीण माशी त्या नळीत मातीचं घर बांधायला घेते. तिला तरी कुठे दुसरी जागा मिळणार. नळी अशी बुजली आणि आत हवा कोंडली, की विमान वर चढेल तसा वेगाचा काटा उगाचच वाढत जातो. काट्यावर विश्वास ठेवणारा वैमानिक वेग कमी करायला नाक वर उचलतो, खरा वेग आणखी पडतो, आणि मग विमान हवेवर तरंगायचं सोडून दगडासारखं खाली यायला लागतं.

त्यावरचा इलाज सोपा आहे, म्हणजे खोलीत बसून सांगायला सोपा आहे. काट्याकडे बघायचं थांबवा. नाकाचा कोन ठरलेला ठेवा, इंजिनांची ताकद ठरलेली ठेवा. एवढं केलं की विमान आपलं आपण नीट चालतं, त्याला माशीशी देणंघेणं नसतं. मग सावकाश तीन काटे ताडून बघा: कॅप्टनचा, सहवैमानिकाचा आणि मधला लहानगा.

डाव्या खुर्चीत होते कॅप्टन विलिआमे. केस पांढरे, खांदे अजून रग्बीचे. सेरुवायाच्या वडिलांच्या गावचे आणि नात्यानं वडिलांचे थोरले भाऊ, म्हणजे आमच्या रिवाजात तिचे वडीलच. गावात ती त्यांना 'ता' म्हणते आणि त्यांच्यासमोर उभी राहून बोलत नाही. गौंडर यांनी त्यांना आधीच बाजूला घेऊन सांगितलं होतं की तुमचा काटा खोटा असेल, तुम्ही त्याच्यावरच विमान चालवा, उजवीकडून स्पष्ट आवाज येईपर्यंत सोडू नका. सेरुवायाला यातलं काही माहीत नव्हतं.

विमान चढू लागलं. कॅप्टनचा काटा वाढला, त्यांनी नाक उचललं. सेरुवायाचा काटा पडू लागला, मधलाही पडला. मी मागच्या पडद्यावर सगळं बघत होतो, आणि तिनंही पाहिलं हे मला तिच्या मानेवरून कळलं. तिनं काय करावं? ती अत्यंत आदबीनं म्हणाली की कॅप्टन, वेगाकडे एकदा बघता का. कॅप्टननी बघितलं, त्यांच्याच काट्याकडे, आणि नाक आणखी उचललं. एका बाजूनं वेग जास्त झाल्याचा खडखडाट सुरू झाला, दुसऱ्या बाजूनं हातातली दांडी वेग संपल्यासारखी थरथरू लागली. सेरुवायाचा हात पुढे गेला. "तुलोऊ," ती म्हणाली, आणि थांबली. ते मान हलवतील याची वाट बघत थांबली. विमान तेवढ्यात पडलं.

डबा शांत झाल्यावर गौंडर यांनी तिला इलाज विचारला. तिनं कोन, ताकद, क्रम, सगळं न अडखळता सांगितलं.

"मग केलं का नाहीस, पोरी?"

"ता होते ना."

"ता नव्हते. विमान होतं," गौंडर म्हणाले, आणि पुढच्या आठवड्याची तारीख दिली. तीही गेली तर उजवी खुर्ची गेली, पुन्हा वजनकाटा, हे त्यांनी गोळी पुढे करतच सांगितलं. तिनं गोळी घेतली नाही.

मग सल्ल्यांचा पाऊस पडला. कुणी म्हणालं, ओरडायला शीक. कुणी म्हणालं, कॉकपिटात तुलोऊ सोडून दे, तिथे ना गाव ना ता. सेरुवाया ऐकून घ्यायची आणि संध्याकाळी माझ्या कामाच्या खोलीत दोन खुर्च्या शेजारी मांडून सरावाला बसायची. कॅप्टन मी. मी नाक उचलायचो आणि ती लगेच, "बारक्या, सोड, तुझी अक्कल गहाण पडलीय का?" असं म्हणून माझा हात झटकायची. मला झापायला तिला कसलीच अडचण नव्हती. तेच तर दुखणं होतं.

"माझ्याऐवजी भिंतीवर त्यांचा फोटो लाव," मी म्हणालो.

"फोटोसमोरही उभी राहायचे नाही मी," ती म्हणाली, आणि हे तिनं गंमत म्हणून सांगितलं नव्हतं.

पण ती हटली नाही. रोज आली. बोटं कोनावर, बोटं ताकदीवर, शब्द तोंडात. एकदा मी म्हणालो की आता पुरे, हात आपोआप चालतायत. ती म्हणाली, "हात चालतायत. मी थांबतेय," आणि पुन्हा पहिल्यापासून.

रविवारी प्रार्थनेनंतर कॅप्टन विलिआमे यांच्याकडे जेवण होतं. मीही गेलो, रोरो, म्हणजे आमची अळूची भाजी, आणि मासे असले की मला आमंत्रण लागत नाही. पुरुष मंडळी चटईवर यांगोना या मुळांच्या पेयाच्या मोठ्या लाकडी भांड्याभोवती बसली होती, वाटी फिरत होती, पाय ऐसपैस पसरलेले. स्वयंपाकघर मागे, आणि पलीकडच्या खोलीत जायची वाट बरोबर या पायांमधून. सेरुवाया नारळाच्या रसातल्या माशांचं पातेलं घेऊन आली. पातेलं चुलीवरून आताच उतरवलेलं, रस्सा अजून रटरटतोय, धरायला दोन जुनी फडकी. ती कंबरेत वाकली आणि चालत निघाली. "तुलोऊ, तुलोऊ, तुलोऊ." एकेक पाय आत ओढला जात होता. शेवटचा पाय कॅप्टन विलिआमे यांचा. ते रग्बीच्या कुठल्याशा जुन्या सामन्यात रमले होते.

"तुलोऊ, ता. पाय घ्या," ती म्हणाली, आणि चालतच राहिली. रश्श्याचे दोन थेंब चटईवर सांडले, पाय झटक्यात आत गेला, पातेलं पलीकडे पोचलं. कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. उकळतं पातेलं हातात घेऊन परवानगीची वाट कोण बघतं?

पातेलं ठेवून ती दारात उभी राहिली. फडकी अजून हातातच. माझ्याकडे बघून म्हणाली, "बारक्या, मी थांबले का?"

"थांबली असतीस तर आज माशाऐवजी कॅप्टन शिजले असते."

ती हसली नाही. जेवलीही फारशी नाही. पलीकडे बसून तिचा उजवा हात मांडीवर पुढे जात होता, मागे येत होता, आणि ओठ हलत होते.

परीक्षेच्या दिवशी डाव्या खुर्चीत पुन्हा कॅप्टन विलिआमेच. गौंडर यांनी संकटाची वेळ बदलली होती. ढग दाट, चढण मोठी. सेरुवायानं बसताना डोक्यावरची बटणं तपासली, कॅप्टनच्या डोक्यावरून हात नेताना तुलोऊ म्हणाली. गौंडर यांनी माझ्याकडे बघितलं. मी पडद्याकडे बघितलं.

ढगात शिरल्यावर कॅप्टनचा काटा वर जाऊ लागला.

"वेग जुळत नाही," सेरुवाया म्हणाली. आवाज वजनकाट्यावरचा नव्हता.

कॅप्टन विलिआमे यांनी ठरल्याप्रमाणे ऐकलं नाही. नाक वर. खडखडाट सुरू झाला. दांडी अजून थरथरायची होती.

"तुलोऊ, ता. विमान माझ्याकडे."

वाक्य पुरं होण्याआधीच तिचा हात दांडीवर होता. ते सोडेनात. रग्बीचे हात ते, आणि सोडू नका असं सांगितलेलं. "ता, सोडा," ती म्हणाली, आणि दांडी पुढे रेटली. इतक्या जोरात, की त्यांच्याकडे सोडण्याशिवाय पर्याय उरला नाही. नाक खाली ठरलेल्या कोनावर आलं. ताकद ठरलेल्या जागी. खडखडाट चालूच होता; तिनं त्याच्याकडे ढुंकून पाहिलं नाही.

मला वाटलं, आता ही स्वतःच्या काट्यावर विमान चालवणार. तिनं तेही केलं नाही. माझा काटाही खोटा असू शकतो, मधला वाचून सांगा, असं तिनं कॅप्टनना सांगितलं. सांगितलं, विचारलं नाही. त्यांनी मुकाट वाचला. दोन काटे जुळले, कोन आणि ताकदही त्याच वेगाची साक्ष देत होते, तेव्हा कुठे तिनं कॅप्टनचा काटा हिशोबातून काढला आणि विमान वळवून नांदीला उतरवलं. उतरणं जरा दणक्यात झालं. पांढऱ्या डब्याचे खांब कुरकुरले, ते दुरुस्त करायचं काम अर्थात माझं.

गौंडर यांनी तोंडातली गोळी गालात सरकवली. मग म्हणाले की विमान ताब्यात घेण्याचे शब्द ठरलेले आहेत आणि त्यांत तुलोऊ बसत नाही.

"काढू का?" सेरुवायानं विचारलं. या वेळी मान खाली घालून नाही, सरळ त्यांच्या डोळ्यांत बघून.

"हात आधी पोचला ना? मग असू दे." त्यांनी सही केली.

बाहेर चहाच्या टेबलापाशी कॅप्टन विलिआमे बूट काढून पायाचा अंगठा बघत बसले होते. रविवारी दोन थेंब अंगठ्यावरही पडले होते, हे तेव्हा कळलं. ते म्हणाले की इतके दिवस कुणाला सांगितलं नाही. आधी रश्श्यानं भाजलं, आज मनगट पिरगाळलं, आता ही पोरगी पुढे काय करणार.

सेरुवाया त्यांच्यासमोर उभी होती. बसली नाही.

"चालायच्या वाटेत पाय पसरून बसू नका, ता," ती म्हणाली, त्यांच्या डोक्यावरून हात नेऊन साखरेची बरणी उचलली, आणि बरणी हातात आल्यावर म्हणाली, "तुलोऊ."