खुशालनं तब्येत सुधारली

खुशाल माया लहाना भाऊ; मी मोठी बहीन, मले तो बाई म्हनते. आमी गोंडपिपरीकडचे, तलावात मासे धरून जगनारे. खुशालसारखं जाळं फेकनारा गावात नाई. पन पोट असं वाढलं का तो डोंग्यात बसला का पानी काठाले लागे. त्याचा जोडीदार धनराज हात जोडे, "दादा, तू पाळीवर बस. मले दोन लेकरं हायेत."

पाळीवर, म्हंजे तलावाच्या बांधावर बसून, दुसऱ्यानं धरलेले मासे निवडायचे! खुशालच्या जिवाले लय लागलं. त्यात गुडघे दुखाले लागले. म्हनून मी त्याले दवाखान्यात नेलं.

रीता नर्सबाईनं काट्यावर चढवलं. शहान्नव किलो.

"बाई, चपला काढू का?"

"काढा. पोट बी काढून ठेवता येते का पाहा."

डॉक्टर नवा पोरगा, साताऱ्याकडचा. रक्त तपासलं न म्हने, "काका, साखर वाढायला लागली आहे. तब्येत सुधारावी लागेल. तीन महिन्यांनी या."

आता आमच्या इकडं तब्येत सुधारली म्हंजे मानूस आंगानं भरला. पोरगी माहेरून गाल फुगवून आली का बाया म्हनतेत, "काय वो, तब्येत सुधारली!" खुशाल रस्त्यानं खूश. "बाई, मले वाटलं हा खानं बंद करते. देवमानूस निंघाला!" मी बी म्हनलं, गुडघ्यात ताकद नसन, म्हनून सांगतलं.

त्याची बायको देवकाबाई लागली कामाले. सकाळी भात, दुपारी भात, संध्याकाळी तळलेले झिंगे न भात. तीन महिन्यानं काटा एकशे एकवर!

डॉक्टर म्हने, "काका, केलंत काय?"

"तुमी सांगतलं तेच, साहेब. पाच किलो सुधारली!"

रीतानं तोंडाले पदर लावला. मंग तिनंच डॉक्टरले आमची बोली समजावली. पोरगा चांगला. म्हने, "चूक माझी." त्यानं सुतळी घेतली, खुशालची उंची मोजली, तिची अर्धी घडी केली न कमरेभोवती लावली. टोकं जुळतच नाई! वीतभराहून जास्त पोट बाहेर. "कंबर एवढ्या सुतळीत मावली पाहिजे. घाई नको. आधी दहा किलो उतरवा. गुडघ्यालाही आराम पडेल."

भात एक वेळ, थोडा. मासा तळायचा नाई, रश्श्याचा. भाजी जास्त. पाळीवर रोज चालनं. दर महिन्याले काटा.

आता गावाले काम भेटलं. "काय गा खुशाल, वाळून राह्यला, बिमार हाये का?" देवकाले बाया म्हनत, "नवऱ्याले खाऊ घालत नाई का वो?" ती रडे. एक दिवस चिडून तिनं परातभर भात वाढला. खुशालनं परातीकडं पाह्यलं, तिच्याकडं पाह्यलं, न म्हने, "देवका, मले पाळीवरच म्हातारा करतं का?" तिनं परात उचलून नेली. मंग बायाईले तीच तोंडावर सांगे, "डॉक्टरचं सांगनं हाये, तुमच्या बापाचं नाई!"

आठ महिन्यानं एक्यान्नव. सुतळीची टोकं अजून जुळत नाई, पन साखर उतरली.

मंग एका सकाळी धनराज म्हने, "बस दादा. पन हालू नको." खुशाल डोंग्यात बसला. पानी काठाच्या चार बोटं खाली थांबलं. देवका पाळीवरून वरडे, "सांभाळून जा जी!"

त्यानं जाळं फेकलं. पहिल्या फेकीत काईच आलं नाई, नुसतं शेवाळ. तरी हा पोट धरून असा हासे का डोंगा डुलाले लागला, न धनराज दोन्ही हातानं काठ धरून वरडे, "दादा, हासू नको गा!"