मापुटोच्या चौकातला सिंह

"बोल की लेका कायतरी! दीड तास झाला, कावळा शिवंना!"

थोरला भाऊ पुणतांब्याच्या घाटावरून असा ओरडला, की फोन नसता तरी आफ्रिकेपर्यंत ऐकू आलं असतं. तिकडे गोदावरीकाठी आबांचा दहावा चालला होता आणि मी मापुटोत समुद्रकाठच्या रस्त्याकडेला बसलेलो. आबा गेले तेव्हा आमचं जहाज भर समुद्रात. मधेच उतरणार कुठे? आता बंदर लागलं, तर कप्तानाने सहा तास दिले होते.

"त्यांचा जीव तुझ्यातच आडकलाय," भाऊ म्हणाला. "फोन पिंडापाशी ठिवतो. तूच बोल."

काय राहिलं होतं ते मला ठाऊक होतं. नऊ वर्षं दर सुट्टीत मी आबांपुढे थापा ठोकल्या. शुगर फॅक्टरीएवढा देवमासा काय, क्रेनऐवजी माल उतरवणारे हत्ती काय! खरं तर बंदरात मला दिसायचे फक्त कंटेनर आणि गेटवरचा पहारेकरी. मागच्या खेपेला स्टँडवर सोडायला आले तेव्हा आबा हळूच म्हणाले, "एकदा यखादं गाव नीट बघ, आन् मला खरं सांग."

आणि मी काय केलं? जिभेला वळणच तसलं. "आबा, इथं भर चौकात सिंह आडवा झालाय! गाड्या पार नगरपर्यंत तुंबल्यात. हवालदार हात जोडून म्हणतोय, पाव्हणं, जरा सरकता का..."

तेवढ्यात समोरच्या कठड्यावर एक कावळा येऊन बसला. पांढऱ्या छातीचा, कोर्टातल्या वकिलासारखा. तिरपी मान करून माझ्याकडे बघत राहिला.

मग खरं सांगितलं. सिंह नाही, आबा. उजाडल्यापासून पायी हिंडतोय. खाऱ्या वाऱ्याने घरांचा रंग उडालाय. रस्त्यावर वाळू येते, बाया ती झाडून काढतात. स्टेशनाला मोठा हिरवा घुमट आहे, पण खाली गाठोडी घेऊन बसलेली माणसं आपल्या जंक्शनवर बसतात तशीच. काजू विकणाऱ्या एका बाईने माझे डोळे बघितले आणि स्वतःच्या बुडाखालचा डबा माझ्याकडे सरकवला. त्याच्यावर बसूनच बोलतोय. एवढंच गाव बघितलं, आबा. पण बघितलं.

पलीकडून नुसता वारा ऐकू येत होता. शेवटी मीच विचारलं, "दादा, शिवला का?"

"कवाच. तू सिंहाचं सांगत हुतास तवाच."

"आन् मग मला थांबवलं का न्हाई?"

"आई ऐकत हुती."