कॅथेड्रल अंकलांचं देऊळ

मस्कतमधल्या अल् खुवैरच्या आमच्या इमारतीत लिफ्ट बंद पडली, तरी खालच्या मजल्यावरच्या अंकलांना फिजीचं अँग्लिकन कॅथेड्रल आठवायचं. "लिफ्टचं काय घेऊन बसलात? सुवा शहरात आधी ते लाकडी चर्च होतं ना..." की निघाली गाडी पॅसिफिकला. माझी मुलगी दार उघडून ओरडायची, "बाबा, कॅथेड्रल अंकल आला!" तिच्या मराठीत आदरार्थी बहुवचन अजून पोचलेलं नाही.

अंकल वसईचे कॅथलिक. तरुणपणी फिजीतल्या हॉटेलात इलेक्ट्रिशियन. त्यांची बायको सुझी तिथली, अँग्लिकन, त्या कॅथेड्रलात वेदीवर फुलं लावणारी. लग्न तिथेच झालं आणि वसईच्या घराने तोंड फिरवलं. सुझी वारल्यावर ते मस्कतला आले. लाकडी चर्चच्या जागी मोठी वास्तू कशी उभी राहिली, हिंदीतून प्रार्थना कशी व्हायची, हे सगळं त्यांना तिनेच सांगितलेलं. तिच्याबद्दल सरळ बोलणं त्यांना जमत नसे, म्हणून चर्चचा इतिहास. मी सोफ्यावर हुंकार भरायचो. बायकोच्या मते त्यातलं निम्मं घोरणं होतं.

एकदा म्हणाले, "शुक्रवारी सुट्टी आहे, देवळात येता का? सुझीचा दिवस आहे. एकट्याने जायला नको वाटतं." मी पुणेरी. धुतलेला झब्बा घालून, नारळ घेऊन शंकराच्या मंदिरापाशी उभा. फोन आला.

"कुठे आहात?"

"देवळाच्या दारात."

"मीपण दारातच आहे! यल्ला, या की!"

वसईचे ख्रिस्ती चर्चलाही देऊळ म्हणतात, हे मला तेव्हा कळलं. पोचलो तोवर प्रार्थना संपलेली. माझ्या हातातला नारळ पाहून अंकल आधी हसले, मग डोळे पुसत म्हणाले, "द्या इकडे. फिजीची बाई आहे, मेणबत्तीपेक्षा याने खूश होईल."

यंदा अंकलांची नोकरी खलास, व्हिसा खलास. फिजीत त्यांचं आता कुणी नाही. वसईहून भावाने बोलावलं. विमानतळावर त्यांनी विचारलं, "घरी सुझीचं नाव काढलं तर ऐकतील ना हो?" मी "इन्शाल्ला" म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

आता शुक्रवारी त्यांचा फोन येतो. भाऊ चांगला आहे, रविवारी गाडीने चर्चला नेतो, आग्रहाने बोंबील वाढतो. "पण फिजी म्हटलं की घरचे टीव्हीचा आवाज वाढवतात," असं ते सांगतात. मग मीच विचारतो, "कॅथेड्रलच्या भिंती झाल्यावर काय झालं, अंकल?" तिकडे खुर्ची ओढल्याचा आवाज येतो. इकडे बायको जेवायला हाक मारते, ती त्यांनाही ऐकू जाते.

"फोन ठेवू नका हं," ते घाईघाईने म्हणतात, "अजून छप्पर चढवायचंय."