नाना टाळी वाजवतील तेव्हा

गाण्याच्या कार्यक्रमाला येणाऱ्या माणसांचा मला मनापासून राग येतो. संगीत मंडळाच्या चिटणिसानं असं बोलू नये, पण एकवीस वर्षं हे काम करून माझी ही दशा झाली आहे. थंडीच्या चार महिन्यांत आम्ही जळगावात महिन्याला एक मैफल करतो आणि त्यातली एकही मी आजवर एका जागी बसून ऐकलेली नाही. कोणाचा तरी फोन वाजतो. तो उचलून माणूस म्हणतो, ‘गाण्यात बसलोय, बोल.’ कोणी केळीच्या वेफर्सची पिशवी फोडतो, आणि आवाज होऊ नये म्हणून एकेक वेफर इतका सावकाश काढतो की आवाज चौपट होतो. कोणी सगळं गाणं मोबाईलवर चित्रित करतो, त्याचा उजेड मागच्या दहा जणांच्या डोळ्यांत. मी कॉलेजात भूगोल शिकवतो, तिथं निदान हजेरीची भीती घालता येते. इथं कोणाला काय बोलणार? निम्मे वर्गणीदार, निम्मे देणगीदार.

म्हणून भटूनाना दारात येऊन उभे राहिले तेव्हा मला देव पावल्यासारखं झालं. भटू उखर्डू भोळे, राहणार असोदा. एकतीस वर्षं एसटीत कंडक्टर, त्यातली बरीचशी जळगाव-भडगाव गाडीवर. निवृत्त झाले तरी शर्टाच्या खिशाला पेन आणि चालताना एक हात वरचा दांडा धरल्यासारखा अर्धवट उचललेला. दोन वर्षांपूर्वी ते माझ्या घरी आले, खुर्चीच्या कडेवर टेकले आणि म्हणाले की मला तुमच्या सभागृहाच्या दारावर उभं करा, मोबदला काही नको. मी कारण विचारलं. ते बराच वेळ पेनाचं टोपण काढत-घालत बसले.

कारण त्यांची धाकटी मुलगी, कामिनी. ती धुळ्याला शाळेत शिकवते आणि तिथल्याच एका बाईंकडे गाणं शिकते. त्या वर्षी गणपतीत असोद्यातल्या गणेश मंडळानं तिला गायला बसवलं. गाणं सुरू होऊन पाच मिनिटं होत नाहीत तोच संयोजकानं घोषणेसाठी तिच्यापुढचा माइक उचलला, कारण एका पांढऱ्या गाडीमुळे कोणाचा तरी ट्रॅक्टर अडला होता. मग पाहुणे आले म्हणून उचलला. तिसऱ्यांदा पंगत बसली म्हणून. तिसऱ्या वेळी माइक परत समोर ठेवला गेला, पण कामिनी गायली नाही. तानपुरा गवसणीत घातला आणि उठून घरी गेली. नाना पहिल्या रांगेत होते. संयोजक त्यांचा चुलतभाऊ, म्हणून तोंडातून शब्द काढला नाही. “मी गप बसलो, सर,” एवढंच ते मला म्हणाले. त्यानंतर कामिनी स्टेजवर चढली नाही. खोलीत गायची, बाईंपुढे गायची, चार माणसांपुढे म्हटलं की नको.

तर असे नाना माझ्या दारावर आले. त्यांचा नियम एकच: दार लागलं की गाडी निघाली. एक चीज संपून दुसरी सुरू होईपर्यंत दार उघडणार नाही, मग बाहेर कोणी का असेना. बिजागऱ्या कुरकुरायच्या, तर त्यांनी घरून शेंगदाण्याचं तेल आणून घातलं. वेफर्स आणि शेंगा दारातच काढून घ्यायचे आणि जाताना ज्याच्या त्याच्या हाती बरोबर परत द्यायचे. एकदा मी स्वतः कलाकारांच्या चहाची चौकशी करायला बाहेर गेलो, तर वीस मिनिटं बाहेरच. मंडळाचा चिटणीस मी, आणि आलाप ऐकला तो पायरीवर बसून. रागही आला आणि बरंही वाटलं.

मुख्य कलाकाराच्या आधी आम्ही अर्धा तास नव्या गाणाऱ्याला देतो. यंदा जानेवारीत तो अर्धा तास कामिनीला द्यावा असं मी ठरवलं. ती आढेवेढे घेत होती. शेवटी हो म्हणाली, पण बाईंना सांगून ठेवलं की ही एकच वेळ. असोद्यात झालं तसं पुन्हा झालं, तर यापुढे माझ्यासमोर स्टेजचं नावही काढू नका. ही गोष्ट बाईंनी मला सांगितली आणि मी मूर्खासारखी नानांना सांगितली.

तिथून नानांचं चित्त थाऱ्यावर राहिलं नाही. सारं असोदा कार्यक्रमाला येणार म्हणत होतं, आणि नाना आपल्या गावाला ओळखून होते. आठवडाभर रोज संध्याकाळी मारुतीच्या पारावर त्यांनी लोकांची शिकवणी घेतली. फोन गाडीत ठेवायचे. खोकला असेल त्यानं घरी राहायचं. मान डोलवा, पण तोंड उघडायचं नाही. आता आमच्याकडच्या भजनात असं आहे की गाणाऱ्याला ओ मिळाली पाहिजे. माणसं ठेक्यावर टाळी देतात, मध्येच ‘वा बाई’ म्हणतात; कोणी बोललं नाही तर गाणारा समजतो, आज काही जमलं नाही. ही सवय सभागृहात घेऊन आले तर पोरीचं काय होईल, या धास्तीनं नानांनी शेवटचा नियम घातला. टाळी कधी वाजवायची ते तुम्हाला कळणार नाही. माझ्या हातांकडे बघा. मी वाजवीन तेव्हा वाजवा, त्याआधी नाही.

कार्यक्रमाच्या दिवशी तीन क्रूझर गाड्या भरून अडतीस माणसं आली. धुतलेले पायजमे, इस्त्रीची लुगडी, आणि चेहरे दहावीच्या परीक्षेला आल्यासारखे. नानांनी त्यांना सहाव्या रांगेपासून मागं बसवलं आणि स्वतःची खुर्ची सगळ्यांना दिसेल अशी पाचव्या रांगेच्या कडेला धरली. शेजारी त्यांच्या मंडळी, शेवंताबाई. मी म्हटलं, “नाना, आज तुम्ही बाप म्हणून बसा. दार मी सांभाळतो.” ते बसले. उठले. बिजागरीला हात लावून आले. परत बसले.

पुढच्या दोन रांगांत आमच्याकडे सोफे असतात, देणगीदारांसाठी राखीव. ते रिकामे होते. नेहमीच असतात. नव्या पोरांना ऐकायला कोण येतंय? मोठं नाव गायला बसायच्या दोन मिनिटं आधी सोफे भरतात. इतर श्रोते म्हणावे तर पंधरा-वीस, इकडे तिकडे विखुरलेले. प्रेक्षागृहातले दिवे गेले, स्टेजवरचे लागले, कामिनीनं डोळे मिटून षड्ज लावला आणि मी कडी घातली.

पाचच मिनिटं झाली असतील. दाराबाहेर गलका ऐकू आला. दलिचंद शेठ, दाणाबाजारातले मोठे व्यापारी, आमचे सगळ्यात मोठे देणगीदार, त्या दिवशी नेमके लवकर आले होते. सोबत कुटुंबातली आठ माणसं. शेठजी फोनवर तुरीच्या भावाबद्दल बोलत होते आणि दुसऱ्या हातानं दार वाजवत होते. आत कामिनीनं एकदा डोळे उघडून दाराकडे पाहिलं. 

नाना ताडकन उठले. वाकून, पावलांचा आवाज न करता ते दाराशी आले आणि माझ्या कानाशी म्हणाले, “मी बाहेर जातो, त्यांले गप करतो. कडी लावून घ्या. कोनी आलं तरी उघडू नका. मी आलो तरी.”

मी दार हातभर उघडलं, ते बाहेर निसटले, मी कडी घातली. बाहेरचा आवाज चाकूनं कापल्यासारखा बंद झाला.

मग ती गायली. पूरिया धनाश्री. सुरुवातीला घसा आवळलेला होता, पण दहा मिनिटांनी तिला काय सापडलं देव जाणे, आवाज मोकळा झाला. मला गाण्यातलं फार कळतं असं नाही. मी आयुष्यभर खुर्च्या आणि चहाच मोजत आलो. पण त्या संध्याकाळी मी कडीला धरून उभा राहिलो आणि वीस मिनिटं मला कोणाचाही राग आला नाही. अडतीस माणसांतलं एक खोकलं नाही. द्रुत बंदिश संपत आली, तिहाई घेऊन ती समेवर आली, तबला थांबला.

आणि काहीच झालं नाही.

कडेच्या दोघा-तिघांनी टाळी सुरू केली, तर आठव्या रांगेतल्या असोद्याच्या बेबाबाईंनी मागं वळून त्यांनाच ‘शू’ केलं. ते ओशाळून थांबले. सारं असोदा हात मांडीवर ठेवून पाचव्या रांगेतल्या एका रिकाम्या खुर्चीकडे बघत होतं. शेवंताबाईसुद्धा. नवऱ्यानं आठवडाभर बजावलेलं, ती माउली लेकीसाठी हात उचलायला धजेना.

कामिनीनं डोळ्यांवर हात धरून पुढं पाहिलं. स्टेजवरच्या उजेडात दिसतात ते फक्त पुढचे सोफे, आणि ते रिकामे होते. तिच्या चेहऱ्यावर जे उतरलं ते मला इतक्या लांबून दिसलं. ती तबलजीकडे वळून काहीतरी पुटपुटली आणि तानपुरा बाजूला ठेवायला लागली. अजून एक भजन ठरलेलं होतं.

मी कडी काढली. नाना दाराला कान लावूनच उभे होते, तोल जाऊन आत आले. त्यांचा चेहरा फुलला होता. “पाहा सर,” ते कुजबुजले, “एक मानूस हाललं नही.”

“नाना, टाळी,” मी म्हणालो. “टाळी वाजवा.”

त्यांनी स्टेजकडे पाहिलं. रिकामी खुर्ची पाहिली. त्या खुर्चीकडे लागलेले डोळे पाहिले. सगळं त्यांच्या ध्यानात यायला एक क्षण लागला, आणि तो क्षण मी माझ्या शत्रूवरही येऊ देणार नाही. मग ते दारातच उभे राहून टाळ्या वाजवू लागले, खरखरीत तळहातांनी, डोक्याच्या वर हात नेऊन. अडतीस माणसांचा बांध फुटला. बेबाबाई उठून उभ्या राहिल्या आणि सभागृहभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “वा गं माय!”

कामिनी तानपुऱ्यावर हात ठेवून थबकली. मग माइककडे वाकून म्हणाली, “दिवे लावता का?” मी धावत जाऊन लावले. तिनं आपलं गाव पाहिलं, ओळीनं. “पुढं येऊन बसा ना,” ती म्हणाली. कोणाला वाट पाहायची होती? बेबाबाई पहिल्या, आणि त्या थेट मधल्या सोफ्यावर जाऊन बसल्या, पाय वर घेऊन.

दार उघडंच राहिलं होतं. दलिचंद शेठ सहकुटुंब आत आले आणि आपल्या सोफ्याकडे बघत उभे राहिले. गावंच्या गावं एसटीत पुढं सरकवलेले नाना त्यांना शांतपणे म्हणाले, “पुढं जागा नाही शेठजी. मागं सरका.” शेठजींनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. त्यांच्या पत्नी कुसुमलताबाई मात्र काही न बोलता पुढं गेल्या आणि बेबाबाईंच्या शेजारी टेकल्या. कामिनीनं दिवे लावलेल्या सभागृहात भजन म्हटलं, लोकांनी ठेक्यावर टाळी धरली, आणि मी, एकवीस वर्षांचा चिटणीस, कोणालाही गप केलं नाही.

मध्यंतरात ती दाराशी आली. नानांच्या खांद्याला हात लावून हसली, पण डोळे अजून ओले होते.

“नाना, मले वाटलं, मी गात व्हते आन बठ्ठं गाव उठून गेलं.”

नाना पेनाचं टोपण शोधत राहिले.

“तुमी तरी व्हते ना? ऐकलं ना?”

“व्हतो ना,” नाना म्हणाले. “दाराशीच व्हतो.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. ती गेल्यावर ते पायरीवर बसले. दोन हंगामांत मी त्यांना दारावर बसलेलं पाहिलं नव्हतं. “दोनदा झालं सर,” ते म्हणाले. “एकदा मी गप बसलो, आन एकदा बठ्ठ्यांले गप बसवलं. दोन्ही वेळी पोर एकली पडली.”  मी त्यांच्या शेजारी बसलो.

कामिनी आता गाते. मार्चमध्ये धुळ्यात गायली, मेमध्ये नशिराबादला एका लग्नाच्या आदल्या दिवशीही. नाना अजून आमच्या दारावर आहेत. वेफर्स काढून घेतात, कडी लावतात, फक्त आता काहीही झालं तरी बाहेर जात नाहीत आणि पाठ दाराला टेकून उभे राहतात. नव्या गाणाऱ्याची चीज संपत आली की त्यांची चुळबुळ सुरू होते. हात एकमेकांजवळ येतात, लांब जातात. उशीर होईल ही भीती त्यांच्या मनात बसली आहे.

या हंगामाच्या पहिल्याच मैफलीत त्यांनी शेवटच्या समेच्या दोन मात्रा आधीच टाळी वाजवली. गाणारा मुलगा गडबडला. पुढच्या सोफ्यावरून दलिचंद शेठ, जे हल्ली वेळेवर येतात, मागं वळले आणि तोंडावर बोट ठेवून ‘शू’ म्हणाले. सगळं सभागृह नानांकडे बघत होतं.

नाना टाळ्या वाजवतच राहिले. मग मीही वाजवल्या.