एका दिवसात दोन थर

आमच्याकडच्या म्हाताऱ्या गवंड्याला सगळे ओळंबा म्हणतात. भिंत सरळ उभी आहे का हे बघायला दोरीला वजन टांगतात, तो ओळंबा. माणूसही तसाच, कुणाकडे झुकायचा नाही. गिलावा करावा तर त्यानेच. पण घाई त्याला खपत नसे. पहिला थर चढवायचा, ओला आहे तोवर थापीच्या टोकाने त्यावर आडव्यातिडव्या रेघा ओढायच्या आणि सरळ घरी जायचं. थर रात्रभर आवळू द्यायचा. दुसऱ्या दिवशी पाणी मारून वरचा थर द्यायचा. तो त्या रेघांत पाय रोवतो आणि मग हलायचं नाव घेत नाही.

सरकारने योजना काढली. जुन्या कारागिराच्या हाताखाली वर्षभर शिकायचं, मग केंद्रात परीक्षा. पास झालं की प्रमाणपत्र, आणि यापुढे सरकारी बांधकामावर प्रमाणपत्रवाल्यांनाच काम. ओळंब्याला आनंद झाला, खोटं कशाला सांगू! आपल्या हाताला कुणीतरी हात म्हटलं, असं त्याला वाटलं. त्याने आपल्या भाचीचं नाव घातलं. पोरगी वर्षभर उन्हात परांचीवर उभी राहिली. बोटांची सालं निघाली, पण रडली नाही. पुढच्या महिन्यात नव्या सरकारी दवाखान्याचं काम निघणार होतं, तिथे तिला लागायचं होतं. तिला दुसरं काही सुचत नव्हतं.

परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी ओळंब्याकडे चहाला बसलो होतो, तेव्हा ती दारात उभी राहिली. चेहरा भिंतीसारखा.

"नापास केलं, मामा."

"का गं?"

"संध्याकाळी पाचच्या आत दोन्ही थर पाहिजे होते. मी पहिला दिला, रेघा ओढल्या आणि बसून राहिले. म्हटलं, वरचा उद्या. साहेब म्हणाला, भिंत ओरबाडून ठेवलीस, काम अपुरं."

ओळंब्याने चहाचा कप तसाच खाली ठेवला आणि चपला घातल्या. पोरगी आणि मीही मागोमाग निघालो.

केंद्राच्या काचेच्या कपाटात नव्या कोऱ्या थाप्या मांडल्या होत्या, किमतीचे कागदही न काढलेल्या. साहेब टेबलापाशी होता. त्याच्या नखात सिमेंटचा कण शोधून सापडला नसता.

ओळंबा त्याच्याशी बोललाच नाही. आत गेला आणि पास झालेल्या भिंतींवर बोटाच्या पेरांनी ठोकत चालला. डब. डब. एका भिंतीचं तर पोट सुटलं होतं. ओल्यावर ओलं थापलेलं, सिमेंट-वाळूचा सगळा मसाला खाली उतरलेला.

"ऐकलंत? सगळं पोकळ आहे. आणि हे पास?"

"मिस्त्री, आवाजाला फॉर्ममध्ये रकाना नाही," साहेब म्हणाला. "वेळेला आहे."

"मग वेळेलाच द्या की प्रमाणपत्र! भिंतीला कशाला त्रास?"

साहेब जरा ओशाळला. आवाज उतरवून म्हणाला, "हे बघा, तिला शिकवलंत तुम्ही, काम कालच पुरं झालं असं लिहून सही करा. तिच्या कागदावर शिक्का मारतो. नाहीतर सहा महिन्यांनी परत."

कागद पुढे आला. पोरीने मामाकडे पाहिलं. त्या नजरेत सगळा दवाखाना होता.

ओळंब्याने कागद उलटा करून परत सरकवला. "काल पुरं झालं नव्हतं. ती बरोबर होती म्हणून झालं नव्हतं."

"मामा!" पोरगी कडाडली. "तुमचा ताठा तुमच्यापाशी ठेवा! वर्ष माझं गेलंय. एक सही जड झाली तुम्हाला?"

असं त्याला कधी कुणी बोललं नव्हतं. रागाने त्याच्या मानेची शीर उडत होती, पण पोरीवर नव्हे. आणि तिचं तरी काय चुकलं? ज्यांनी शिकवण्याची योजना आखली, त्यांनी एकदा तरी एखाद्या भिंतीपाशी रात्र थांबून बघितलं असतं, तर या दोघांना एकमेकांसमोर असं उभं राहावं लागलं नसतं.

पोरगी वळली. वाटलं, गेली. पण तिने कोपऱ्यातली बादली उचलली आणि आपल्या त्या रेघांच्या भिंतीवर पाणी मारू लागली.

"अहो, परीक्षा संपली!" साहेब ओरडला. "मला कुलूप लावायचंय!"

"लावा," ती मागे न बघता म्हणाली. "आम्ही आत आहोत."

मग मामावर खेकसली, "बघत काय उभे राहिलात? मसाला कालवा!"

आणि ज्याच्या हाताखाली चाळीस वर्षं माणसं राबली, तो ओळंबा बाह्या सरसावून घमेल्यापाशी बसला. ती मागेल तसा मसाला देत राहिला. दुपारपर्यंत भिंत झाली. पास कुणी केली नाही. दवाखान्याच्या कामावर दुसरेच लागले.